अंगणाचा ढाळ

अशी जवळ ये, आणि आधी बोलणी खा. दोनदा मेढ्यावरून महाबळेश्वरला गेलीस आणि वाटेवरच्या मावशीच्या दारात गाडी थांबवली नाहीस. म्हणून तर तुला आमच्या भावजींचं काही ठाऊक नाही. पाण्याच्या मनातलं ओळखणारा असा माणूस साताऱ्यापासून सांगलीपर्यंत दुसरा सापडायचा नाही.

भावजी म्हणजे आमच्या यांचे मामेभाऊ. जन्मभर फलटणकडं कॅनॉलवर पाटकरी. उसाला पाणी सोडायचं काम. नोकरी संपली, सवय राहिली. कुणाकडंही गेले की चहाआधी तांब्याभर पाणी मागतात. आपल्याला वाटतं, पितील. ते फरशीवर ओततात आणि त्याच्या मागून चालत जातात. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तर मोरीपाशी पालथे पडून गाल फरशीला टेकवला. "पोरगी लय गुणाची हाय, पर मोरी उलट्या ढाळाची," असं मुलीच्या बापाला सांगून आले. लग्न झालं, पण त्याआधी त्या बिचाऱ्यांनी मोरी फोडली.

गेल्या साली आम्ही अंगणात सिमेंटचा कोबा केला. पावसाळाभर उंबऱ्यापाशी पाणी तुंबलं, शेवाळ धरलं आणि हे घसरून पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं. लेक म्हणाला, पुन्हा पाणी साचलं तर दोघांना सांगलीला नेणार. पाण्याला भिऊन पुराच्या सांगलीला! त्या दिवसापासून यांचं जेवण तुटलं.

मग भावजी आले. तांब्या ओतला, तर पाणी धावलं उंबऱ्याजवळच्या तुळशीकडं. मी मान खाली घातली. ढाळ तिकडं काढ, पावसाचं पाणी तुळशीला मिळेल, असं गवंड्याला मीच सांगितलं होतं. मेढ्याच्या पावसात तुळशीला पाणी कमी पडेल, ही काळजी माझी. यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. भावजींनी तुळशीकडं बघितलं, मग माझ्याकडं. हे पलंगावरून विचारत होते, चूक कुणाची?

"कुणाची न्हाई," भावजी म्हणाले. "भुई खचलीया, दुसरं काय."

कोबा फोडला. चार दिवस भावजी पालथे. दहा हातांना चार बोटं उतार, थेट रस्त्याच्या गटाराकडं. औंदा आषाढात आठ दिवस झड लागली, तरी उंबऱ्यापाशी ओंजळभर पाणी थांबलं नाही. यांनी काठी टेकत दारात येऊन नीट बघितलं आणि लेकाला फोन लावला. "तू तिकडंच ऱ्हा बाबा. आमी हितंच." त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

भावजी अजून येतात, तांब्या मागतात. ते तुळशीचं त्यांनी अजून यांना सांगितलेलं नाही. मात्र पालथे झाले की आता त्यांना एकट्यानं उठवत नाही. यांच्या हातात काठी. तेव्हा दिवाळीआधी येऊन जा गं. एका बाजूनं मी धरते, दुसरी बाजू तू धर.