साहेब मागंच हायत

"जित्या मानसाकडं बघ की रं." असं काका कॅमेऱ्याला म्हणायचे. समोर उभ्या असलेल्या माणसाला नव्हे, हातातल्या कॅमेऱ्याला, आडमुठ्या बैलाला बोलावं तसं. मग उजव्या अंगठ्यानं पाठीमागचं बारीक बटण ढकलायचे, चष्मा कपाळावर सारायचे आणि तेव्हा कुठं फोटो निघायचा. स्टेजवरच्यांना वाटायचं, आपल्यालाच बोलला. एकदा एक उद्घाटक महाशय दचकून खरोखरच शेजारच्याकडं बघायला लागले आणि सगळ्या फोटोंत त्यांची मान वाकडी आली.

मी सेलूचा बातमीदार. सेलू, मानवत, जिंतूर, जिथं कुठं सत्कार, भूमिपूजन, वाढदिवस असेल तिथं काका फोटो काढायला आणि मी बातमी लिहायला, बहुतेक वेळा एकाच मोटारसायकलवर. त्यांचं नाव सांगत नाही. कार्यक्रमात आपलं नाव कुणी माइकवरून घेतलं तरी ते खवळायचे. अंगानं आडवे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि स्वभाव असा की नवरीलासुद्धा "पोरी, जरा गप ऱ्हा" म्हणून दम द्यायचे. मीही तापट आहे. आमचं जमलं ते ह्याच एका गुणावर.

आता तुम्ही म्हणाल, जितं माणूस समोर असताना कॅमेरा दुसरीकडं कशाला बघेल? तर आमच्याकडचा सत्कार तुम्ही पाहिलेला नाही; किंवा पाहिलाय, पण लक्ष दिलेलं नाही. स्टेजच्या मागं भिंतीएवढा फ्लेक्स. मधोमध साहेब, हात जोडून हसणारे, एकेक डोळा ताटाएवढा. त्यांच्या डोक्यावर त्यांचे साहेब, त्यांच्याही डोक्यावर त्या साहेबांचे साहेब. खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल लावलेली पोरं. ज्याचा सत्कार आहे त्याचं नाव कोपऱ्यात, तेही चुकीचं. कुणाचं पोरगं दहावी पास होवो नाहीतर कुणाच्या विहिरीला पाणी लागो, फ्लेक्सवर साहेबच. ह्या प्रकाराचा मला संताप येतो, आणि तो शांत व्हावा असं मला वाटतही नाही.

काकांनी जुना कॅमेरा टाकून नवा फुल फ्रेम मिररलेस घेतला, तेव्हा परभणीच्या दुकानदारानं त्यांना सांगितलं होतं, "आता फोकसची काळजी सोडा काका. हा आपला आपण चेहरा शोधतो, डोळा पकडतो. तुम्ही नुसतं बटण दाबा." काका खूश. लोकांच्या डोळ्यांवर पडद्यावरचा फोकसचा हिरवा चौकोन आपोआप जाऊन बसतो हे ते मला पुनःपुन्हा दाखवायचे. लग्नात सगळं सुरळीत चाललं. सत्काराला मात्र तो चौकोन समोरच्या माणसावरून टुणकन उडी मारून मागच्या फ्लेक्सवर, साहेबांच्या डोळ्यावर जाऊन बसायचा. कॅमेऱ्याला काय, मोठा चेहरा दिसला की तोच महत्त्वाचा. "ह्यो बी कार्यकर्ताच निघाला," काका म्हणाले. तेव्हापासून त्याला शिव्या देणं सुरू झालं. पण दुकानदारावरचा विश्वास काही त्यांनी सोडला नाही. चौकोन अंगठ्यानं ढकलून परत आणायचे, चेहरा शोधायची सोय मात्र चालूच ठेवायचे.

त्यांच्याकडं तीन लेन्स होत्या आणि तिघींची ठेवलेली नावं होती. जवळचं-लांबचं सगळं करणारी रोजची झूम म्हणजे घरचा बैल. लांब नळकांड्यासारखी होती ती खोटारडी. साहेबांचे पीए सभेच्या आधीच बजावायचे, "गर्दी दिसली पाहिजे." मग काका ती खोटारडी लावून लांब कोपऱ्यात खाली बसायचे. तिच्यातून मागच्यापुढच्या खुर्च्या एकमेकींना चिकटून येतात आणि मूठभर माणसांची जत्रा होते. फोटो देताना काकांचं तोंड कडू व्हायचं. तिसरी पंच्याऐंशी एमएमची, झूम नसलेली. ती जावई. मान सगळ्यांत जास्त, काम कधीमधी. तिचं तोंड पूर्ण उघडलं की ज्याच्यावर नेम धरला ते माणूस लख्ख, आणि मागचं सगळं धुकं.

ह्या कॅमेऱ्याला आरसा नाही, त्यामुळं लेन्स काढली की आतलं सगळं उघडं पडतं. आणि सेलूत कापसाच्या दिवसांत हवेत रुईचे तंतू उडत असतात. म्हणून लेन्स बदलताना काका एखादी सत्काराची शाल मागून घ्यायचे, कुणालातरी ती आडोशाला धरायला लावायचे आणि तिच्या आत डोकं घालून काम उरकायचे. "ह्या शालीचा येवढाच उपेग हाय," असं आतून ऐकू यायचं.

तर मावशींचा सत्कार. येलदरीच्या धरणावर मासे धरणारं घर त्यांचं. सेलूच्या दोन मुली आईबापांबरोबर तिकडं फिरायला गेल्या आणि पाय घसरून पाण्यात गेल्या. मावशींनी अंगावरच्या लुगड्यासकट उडी टाकून दोघींना बाहेर ओढलं. साहेबांनी लगेच सत्कार ठेवला. कार्यक्रमाआधी मावशी काकांपाशी आल्या. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, अंगाला धरणाच्या पाण्याचा वास.

"भाऊ, माजा एक फोटू चांगला काढा," त्या म्हणाल्या. "घरात माजा एकबी फोटू न्हाई. पोरगं ऊसतोडीला गेलंय, त्याला दावायचाय. अन् भिताडाला लावायचाय."

"लावा की. देतो काढून," काका म्हणाले.

साहेब उशिरा आले, त्यामुळं घाई. शाल, नारळ, मोमेंटो, सगळं एका दमात. मावशी शरमून खाली बघत उभ्या, पदर कपाळावर ओढलेला. कॅमेऱ्याला त्यांचा चेहराच सापडेना. साहेब पीएच्या कानाशी लागलेले, त्यांचाही सापडेना. मागं फ्लेक्सवर मात्र तीन-तीन साहेब डोळे उघडे ठेवून तयार. काका अंगठा मारतायत, चौकोन परत मागं जातोय, काका पुटपुटतायत, तेवढ्यात साहेब गाडीत जाऊन बसलेसुद्धा.

स्टेजच्या पायऱ्यांवर बसून आम्ही फोटो पाहिले. हॉलमध्ये अंधार, म्हणून लेन्स पूर्ण उघडलेली. त्यामुळं फ्लेक्सवरच्या साहेबांच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्या, आणि मावशी म्हणजे हिरवा डाग. गंमत म्हणजे खरे साहेबही धुरकट. पीएनं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "झकास. साहेब एकदम क्लिअर आलेत."

तो फ्लेक्सकडं बोट दाखवत होता.

"बाई कुठं हाय ह्यात?" काकांनी विचारलं.

"आहे की. नारळ दिसतोय ना हातात?"

मी त्याला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. आजही तो रस्त्यात दिसला की माझी कानशिलं गरम होतात. जिनं दोन जीव वाचवले ती बाई ह्यांना नारळाची खूण म्हणून पुरते. आणि हे एकट्या पीएचं नाही. त्या हॉलमधल्या एकालाही त्या फोटोत काही कमी आहे असं वाटलं नाही, टाळ्या वाजवून सगळे चहाला गेले.

काका मात्र उठले. मावशी एसटीसाठी निघाल्या होत्या, त्यांना दारातून परत बोलावलं. मांडववाले फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला लागले होते. "ऱ्हाऊ द्या तो," काका म्हणाले, "मागं कायतरी रंग पायजे." हॉलचं बाजूचं शटर उघडं होतं आणि कापसाच्या जिनिंगकडून रुई उडत येत होती. मावशींना त्यांनी त्यांचीच शाल धरायला लावली. लेकराला वाऱ्यापासून झाकावं तशी त्यांनी ती काकांच्या डोक्यावरून धरली, आणि आत घरचा बैल जाऊन जावई बसला. मग पहिल्यांदाच काकांनी चेहरा शोधायची ती सोय बंद केली. एकच बारीक चौकोन ठेवला, लेन्सचं तोंड पूर्ण उघडलं.

"मावशी, वर बघा. खाली कामून बघायलाव? चोरी केली का?"

"लाज वाटायली, भाऊ."

"पान्यात उडी टाकताना न्हाई वाटली?"

"तवा कुनी बघत नव्हतं."

आणि त्या हसल्या. तो फोटो. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, एक पडलेला दात, कपाळावरचं गोंदण, सगळं स्वच्छ. मागचे तिन्ही साहेब मिळून गुलाबी-पिवळं धुकं झाले होते.

मी तोच फोटो बातमीबरोबर पाठवला आणि तो छापून आला. सकाळीच काकांना पीएचा फोन. मी शेजारीच बसलो होतो.

"फोटोत साहेब कुठायत?"

"साहेब मागंच हायत," काका शांतपणे म्हणाले. "आमी कुनाला काढून टाकलं न्हाई."

"दिसत नाहीत ते."

"म्होरं कुनीतरी हुबं हाय ना, म्हनून."

त्या दिवसापासून काकांना सत्काराचं एकही बोलावणं आलं नाही. साहेबांनी काही केलं असेल असंही नाही, पीएच्या एका शब्दावर सगळ्या गावानं तोंड फिरवलं. ज्यांच्या बारशापासून लग्नापर्यंत काकांनी फोटो काढले, ते चौकात भेटले की मोबाइलमध्ये बघायचे. मला पेपरच्या ऑफिसातून निरोप आला, पुढच्या वेळी मान्यवर दिसतील असं बघा. मान्यवर. ह्या शब्दाची मला शिसारी आहे. काका लग्नं करत राहिले, शाळांचे वार्षिक फोटो काढत राहिले. मावशी बाजाराला आल्या की ओल्या फडक्यात मासे घेऊन त्यांच्या घरी काकूंकडं द्यायला यायच्या, आणि फोटो भिंतीवर कसा आहे, पोरगं बघून काय म्हणालं, ते दर वेळी नव्यानं सांगायच्या.

एकदा काका मला म्हणाले, "खरं सांग. मागचं जरासंक दिसू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

मी काही बोलायच्या आत त्यांनीच मान हलवली. "बिघडलंच असतं. भिताड तिचं हाय."

मग त्यांचं हृदय कुरकुरायला लागलं. जिने चढणं बंद झालं, बॅग खुंटीला लागली. मी भेटायला गेलो तर त्यांनी जावई माझ्या हातात ठेवला. माझ्या कॅमेऱ्याला तो बसतो. "घरी बसून ह्याला बुरशी येती," ते म्हणाले, "वापर." त्यानंतर ते फार दिवस काढू शकले नाहीत.

ते गेले आणि बसस्टँडच्या चौकात फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. कुणी लावला? साहेबांनी. ज्यांच्या माणसानं काकांचं काम तोडलं त्यांनीच. मधोमध तेच साहेब, त्याच जुन्या फोटोत, हात जोडून हसणारे. वर त्यांचे साहेब. खाली गॉगलवाली पोरं शोकाकुल म्हणून. आणि कोपऱ्यात, कुठल्यातरी ओळखपत्रावरून उचलून ताणलेला, पुरीएवढा काकांचा चेहरा. नाव चुकीचं. मी त्या चौकात उभा राहून तो वरपासून खालपर्यंत वाचला. माणूस मेल्यावरही ह्यांना त्याला मागंच उभं करायचं होतं.

तेरावं होऊन गेलं तरी तो फ्लेक्स उतरला नाही. एका बाजाराच्या दिवशी मी कॅमेरा घेऊन गेलो. म्हटलं, काकांच्याच पद्धतीनं निदान एक फोटो काढू, ते लख्ख आणि बाकीचे धुकं. चेहरा शोधणं बंद केलं, बारीक चौकोन त्यांच्या डोळ्यावर ठेवला. पण साहेबही तेवढेच लख्ख. फ्लेक्सच तो, त्याच्यावर सगळे एकाच अंतरावर. तिथं कुठलीच लेन्स कुणाला मागं सारू शकत नाही. माझ्या हे आधी लक्षात यायला हवं होतं.

"फोटूवाले भाऊ घरी असतेल का?"

मागं मावशी उभ्या होत्या. अंगावर सत्काराची ती शाल, हातात ओलं फडकं. एसटीतून आत्ताच उतरल्या होत्या. काका ज्या फ्लेक्सवर होते त्याच्याच खाली उभं राहून त्या मला काकांचा पत्ता विचारत होत्या.

मी वर बोट दाखवलं.

"असले बोर्ड मी बघतच न्हाई," त्या म्हणाल्या. मग बघितलं. साहेबांवरून, त्यांच्या साहेबांवरून त्यांची नजर फिरत फिरत कोपऱ्यात गेली आणि तिथंच राहिली. फडकं त्यांनी हळूच खाली ठेवलं. पदर तोंडाला लावला.

"माजा अन् भाऊचा एक फोटू काढा," त्या म्हणाल्या. "संगं कवाच काढला न्हाई."

त्या फ्लेक्सच्या समोर, काकांच्या कोपऱ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. आता माझी पंचाईत झाली. लेन्सचं तोंड बारीक करावं तर काका दिसतील, पण त्यांच्याबरोबर ती सगळी टोळीही दिसणार. पूर्ण उघडावं तर काकाही जाणार. मी लेन्सचं तोंड बारीक करून पाहिलं, परत उघडून पाहिलं. रुई उडत नव्हती, लेन्सही बदलायची नव्हती, तरी मावशींनी विचारलं, "शाल धरू का?"

मी नको म्हणालो. लेन्स पूर्ण उघडली आणि चौकोन मावशींच्या डोळ्यावर ठेवला.

फोटो दाखवला तर त्या स्क्रीनवर बोट फिरवत राहिल्या. "भाऊ कुठं हायत?"

"मागंच हायत. हा सावळा ठिपका."

"अन् हे बाकीचे?"

"तेही मागंच."

त्यांनी मान हलवली, डोळे पुसले आणि खाली ठेवलेलं फडकं उचललं.

"काकू आता बी खातेत ना मासे?" त्यांनी विचारलं. "चला मंग. ऊन व्हायलंय, खराब होतेल."