माझ्या हृदयाची शाळातपासणी

चहा घ्या आधी. मी माझ्याच जिवाच्या बाबतीत कसं शेण खाल्लं, ते सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा, मला सवय झाली आहे.

लाखांदूरकडच्या एका शाळेत मी मास्तर. गेल्या वर्षी चालताना धाप लागायला लागली, छातीत मधूनच धडधड सुटायची. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी इको काढला आणि म्हणाले, "गुरुजी, हृदयाचा स्नायू अशक्त झालाय. का झाला ते शोधू."

मग छातीला वायरी चिकटवून एक छोटी मशीन लावली, चोवीस तास ठोके नोंदवणारी. सोबत एक कागद, कधी काय केलं आणि कधी धडधडलं ते लिहायला. "रोजच्यासारखं राहा," त्यांनी बजावलं.

रोजच्यासारखं? अहो, तपासणीच्या दिवशी कोणती शाळा रोजच्यासारखी असते? साहेब येणार म्हटलं की भिंती झाडायच्या, पाढे येणारी पोरं पुढे बसवायची आणि दंगेखोरांना त्या दिवशी सुट्टी! पंचवीस वर्षं हेच करत आलो. मशीन म्हणजे तरी काय, साहेबच की!

रजा टाकली. अंगणातल्या बाजेवर उताणा पडलो. सायकल नाही, चहा नाही, कुणावर ओरडणं नाही.

"अवो, डॉक्टरनं रोजचे कामं कराले सांगतलं ना?" बायको म्हणाली.

मी नुसता हात हलवला. बोललो असतो तर ठोके वाढले असते!

तेवढ्यात शेजारचे बळीरामजी आले. शर्टातून निघालेल्या वायरी आणि मिटलेले डोळे पाहून घाबरले. "गुरुजी, कसं वाटून राहिलं जी?" मी गप्प. ते बायकोला हळूच म्हणाले, "वहिनी, कोणाकोणाले फोन कराचा हाय?"

दुपारपर्यंत अंगण भरलं. पवनीला राहणारी माझी बहीण एसटीने आली, ती फाटकापासूनच रडत. "दादा, एकदा डोळे तं उघड!" मी एक डोळा उघडला, ओठांवर बोट ठेवलं आणि परत मिटला. ती आणखीच रडायला लागली. पण माझे ठोके? एकदम शिस्तीत! कागदावर लिहिलं, काही त्रास नाही.

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "ठोके तर उत्तम आहेत." मी ऐटीत बायकोकडे पाहिलं.

"तिथंच तर वांधा आहे," ते पुढे म्हणाले. "ठोके बिघडल्यामुळे स्नायू थकला असता, तर ठोके ताळ्यावर आणून तो सावरला असता. पण ठोके चांगले आहेत. म्हणजे दुखणं स्नायूचंच. ते बहुतेक जन्मभर सोबत राहणार."

जन्मभर! तरी तोंड उघडेना! मशीनला फसवलं हे कोणत्या तोंडाने सांगणार? खरं सांगतो, त्या क्षणी मरणापेक्षा लाजेचीच भीती जास्त वाटली. किती मूर्ख असतो माणूस!

बायकोच उठली. "हे खोटं हाय जी सायेब! दिवसभर हे बाजेवरून उठलेच नाही. रोज सायकल हाणतेत, पोरांवर खेकसतेत, तवा ह्यांची छाती धडधडते. कितीकदा हात ठेवून पाह्यलं मी. मले मालूम हाय."

ती हात ठेवून बघायची, ते मला माहीत होतं. मला वाटायचं, ती लाडाने ठेवते. इतके दिवस ती एकटी भीत होती आणि मी तिला "काही नाही गं" म्हणून उडवून लावत होतो.

पुन्हा मशीन लागली. या वेळी शाळेत गेलो, सायकल हाणली, पोरांवर मनसोक्त ओरडलो. रिपोर्ट इतका वाईट आला की डॉक्टर खूश! "सापडलं, गुरुजी!" वाईट निकाल ऐकून बायको आनंदाने रडली, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

औषधं सुरू झाली. काही महिन्यांनी पुन्हा इको काढला. स्नायू बराच सावरला होता.

"आता कसं वाटतं, गुरुजी?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकदम ठणठणीत, साहेब!"

डॉक्टरांनी मान डोलावली, पेन उचललं आणि खुर्ची बायकोकडे वळवली. "हं, बोला वहिनी. यांना कसं वाटतं?"