पापडाची थिअरी

आमच्या आतोबांना एखादी गोष्ट नुसती घडू देणं जन्मात जमलं नाही. दूध उतू गेलं की चारचौघं धावत जाऊन गॅस बंद करतात; आतोबा तिथेच उभे राहून ते कुठल्या बाजूने उतू गेलं ते बघायचे, आणि मग बाजूवरून भांडं, भांड्यावरून ओटा आणि ओट्यावरून इमारतीचा पाया असं काहीतरी शोधून काढायचे. तोवर दूध पार शेगडीखाली. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी, बदलापूरला मांजर्लीत घर, आणि माझी आई मी लहान असतानाच गेल्यामुळे अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या दोन खोल्यांवर कायमचा हक्क. येताना चपला दाराबाहेर काढायचे आणि एक थिअरी घरात घेऊन यायचे. "थिअरी कसली, थेरं आहेत सगळी," आत्या म्हणायची. लग्न झाल्यापासून तिने हे एकच वाक्य जपून वापरलं, आणि ते दरवेळी बसायचं.

एका हिवाळ्यात आम्ही आत्याकडे असताना तिचं विरजण लागेना. शेजारीण म्हणाली, नजर लागली असेल. झालं! आतोबांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. एका वाटीत स्टीलचा चमचा, एकीत लाकडी, एक वाटी पिंपात, एक माळ्यावर, आणि कुणी कशाला हात लावायचा नाही. घरातल्या सगळ्यांनी आठवडाभर पांढरं पाणी भातावर घेऊन खाल्लं. शेवटी त्यांची चमच्याची थिअरी सपशेल चुकली, आणि गृहस्थ खूश! मी वैतागून म्हटलं, चुकली ना, मग आनंद कसला? तर मला समोर बसवून म्हणाले, "अगं, चुकली म्हणजे ती खरोखरची थिअरी होती. नजरेचं बघ. विरजण लागलं तर नजर उतरली, नाही लागलं तर नजर लागली. काहीही झालं तरी ती बरोबरच. जे कधी चुकूच शकत नाही ना, ते काहीच सांगत नाही." हे सगळं ऐकताना माझ्या हातात बेसन होतं आणि कढीला दही नव्हतं.

त्यांच्यासमोर 'नुसती थिअरी' म्हणायची सोय नव्हती. अप्पा, म्हणजे माझे वडील, एकदा चुकून म्हणाले, की ही तर तुमची नुसती थिअरी. आतोबांनी हातातला चहा खाली ठेवला. म्हणाले, अंदाज नुसता असतो, गप्पा नुसत्या असतात, थिअरी नुसती नसते. आपण जे जे पाहिलं ते सगळं तिने एका दोऱ्यात ओवायला हवं, आपल्याला नको असलेला मणीसुद्धा. आणि जे अजून पाहिलेलं नाही, ते तिने आधी सांगायला हवं. चहा गार झाला, तो मीच पुन्हा गरम केला. अप्पांनी आतोबांसमोर 'नुसता' हा शब्दच टाकला. नुसता भातसुद्धा मागेनात.

आता माझं दुखणं सांगते. ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी उल्हासनगरच्या एका शाळेत मराठी शिकवायचे, आणि अप्पा रिटायर व्हायच्या आत मला उजवायच्या मागे लागले होते. रविवार आला की पाहुणे, पोहे आणि नकार. नकार आला की अप्पा गॅलरीत जाऊन उगाच कुंड्यांतली माती उकरायचे. मला ते बघवत नसे. कारण माझ्या मनात एक माणूस होता, आमच्याच शाळेत गणित शिकवणारा, सिंधी. आणि हे अप्पांना सांगायची माझी छाती नव्हती. पाहुण्यांचा होकार आला तर मी मेले, नकार आला तर अप्पा.

त्यात आतोबा! नकारांमागे काहीतरी एकच कारण असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. पहिली थिअरी पोह्यांची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची म्हणून एका रविवारी कांदा वगळला, पुढच्या रविवारी बटाटा घातला, त्यापुढच्याला उपमा. नकार चालूच. मग खुर्चीची थिअरी: मुलाच्या वडिलांची खुर्ची डुगडुगते. खुर्ची बदलली. मग केमिकलच्या वासाची: वारा पूर्वेकडून असला की नकार येतो. पाहुणे आत आणि हे गॅलरीत रुमाल हवेत धरून उभे! मुलाची आई मला विचारते, ते कोण? मी काय सांगणार, कपाळ? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मी तोंडावर म्हटलं, आतोबा, हे माझं लग्न आहे, तुमचं विरजण नाही. त्यावर शांतपणे म्हणाले, "म्हणून तर चमचा नीट धरायला हवा."

आणि एका रविवारी त्यांची नजर ताटलीवर गेली. पाहुणे येऊन टेकले की मी पाणी न्यायचे, आणि पाण्याबरोबर भाजलेला पापड. आपल्याकडे पापड जेवणाच्या पानात. आल्या आल्या पाण्याबरोबर पापड पुढे करायची रीत सिंध्यांच्या घरची. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की मी गणिताच्या सरांच्या घरी जायचे, त्यांची आई पाणी-पापड आणायची, आणि कधीतरी माझ्याही हातांना ते वळण पडलं. मला पत्ताच नाही! इतके रविवार आतोबा तो पापड कुडुमकुडुम खात पोह्यांचा विचार करत होते.

पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात आले. "पापड कुठे शिकलीस?"

"शाळेतल्या एका सरांच्या घरी," मी बोलून गेले.

"सरांच्या," एवढंच म्हणाले. पाहुण्यांपैकी एक बाई मागे म्हणाल्या होत्या, मुलगी गुणी आहे पण मन इथे नाही. आम्ही सगळ्यांनी ती थाप समजून सोडून दिली होती. आतोबांना तो मणी त्या क्षणी सापडला असावा, कारण त्यांनी मला पुढे काहीच विचारलं नाही. मला मात्र एकच दिसत होतं. हा माणूस आता अप्पांना सांगणार, आणि अप्पा कायमचे गॅलरीत जाणार!

पुढच्या रविवारी कपाट बघायच्या निमित्ताने ते अप्पांना उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात घेऊन गेले. तिथे काय झालं ते मला नंतर आत्याकडून कळलं. कपाट बघितलंच नाही. शाळेत पत्ता विचारून शोधलेल्या सरांच्या दाराशी उभं राहून आतोबा अप्पांना म्हणाले, माझी एक थिअरी आहे. या घरात आपल्याला आधी पाणी आणि पापड मिळेल, आणि आपण नाव सांगायच्या आत इथली बाई तुम्हाला ओळखेल. असं झालं नाही, तर थिअरी चुकली, परत नाव काढणार नाही. अप्पांना वाटलं, आज हे पूर्णच गेले. दार उघडलं. त्या माउलीने अप्पांच्या नाकाकडे पाहिलं, तेच नाक घेऊन मी जन्मले आहे, आणि म्हणाली, "अरे आइए, बेटी को नहीं लाए?" आणि पाणी आणायला आत गेली.

पाण्याबरोबर काय आलं ते सांगायला नको.

घरी मी ओट्याशी उभी होते. अप्पा आले, हातात कागदात बांधलेलं पुडकं. ते त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. माझ्याकडे न बघता कुंड्यांकडे बघत म्हणाले, "यातला एक भाज. मघाशी तिथे मला नीट गिळवला नाही." मी पापड भाजला, चांगला करपवला, आणि अप्पांनी तो संपूर्ण खाल्ला.

लग्नानंतर मी एकदा आतोबांना विचारलं, तुम्हाला इतकी खात्री कशी होती? म्हणाले, "खात्री कुठे होती? थिअरी कधी सिद्ध होत नसते. ती अजून चुकलेली नसते, एवढंच." आणि या माणसाने त्याचंही व्रत केलं! दरवर्षी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला दारात उभे, चपला काढायच्या आधी प्रश्न: "काय गं, चुकली का थिअरी?" आम्ही दोघं भांडून बसलेले असलो, तरी हेच. मी चिडून म्हणायचे, अजून नाही, आत या. मग पाणी प्यायचे, पापड खायचे, आणि पापड मधूनच का मोडतो याची थिअरी सुरू करायचे.

यंदा आतोबा नाहीत. लग्नाच्या वाढदिवसाच्या सकाळी यांनी नको म्हटलं तरी मी एक पापड जास्त भाजला. दाराशी जरा काही वाजलं की मी बघत होते. अजून नाही आतोबा, असं चिडूनच सांगायचं होतं. कुणी विचारलंच नाही.