दरवाजे उघडण्याआधीचा फोन

माझे वडील नदीत उतरले ते पाण्याची मोटर काढायला. विष्णुपुरी धरणाच्या खाली, गोदावरीकाठी आमचं शेत आहे. धरणाचे दरवाजे उघडणार ही सूचना गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली होती, पण वडिलांच्या खिशात साधा बटणांचा फोन. त्यांना कळलंच नाही. ते सापडले खालच्या गावाच्या शिवारात.

मी नांदेडला राहते, घरूनच एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करते. वर्षश्राद्धाला धाकटा भाऊ म्हणाला, "अक्का, बटनाच्या फोनवर निरोप जाईल असं कायतरी कर. मान्साच्या आवाजात."

आधी मी भाड्याने सर्व्हर घेतला. दरवाजे पावसाळ्यात उघडतात. एरवी तो नुसता बसून भाडं खायचा. त्यातून चाचणीला साऱ्या काठाला एकदम फोन लावले, तर मधेच अडकला. मग सगळं सर्व्हरलेस पद्धतीने पुन्हा लिहिलं. त्यात आपला सर्व्हर सतत चालू ठेवावा लागत नाही. भावाने मोबाइलवरून सूचना टाकली की क्लाउडवर माझा प्रोग्राम जागा होतो, जितके फोन लावायचे तितक्या त्याच्या प्रती एकदम धावतात, काम झालं की बंद. जेवढं चाललं तेवढेच पैसे. ते आम्हा दोघांना झेपण्यासारखे होते.

आवाज भावाचाच. दोनदा रेकॉर्ड केलं. "धरनाचे दरवाजे उघडून राहिले. मोटर असू द्या. वर या."

यंदा श्रावणात मी गावी असताना सूचना आली. भावाने ओट्यावर बसूनच ती टाकली. थोडा वेळ काहीच नाही. मग आळीत घरोघरी फोन वाजायला लागले. वडिलांचा नंबर आता आईच्या फोनवर आहे; तोही वाजला. तिने तो कानाला लावला आणि शेवटपर्यंत ऐकला.

"त्यांना कुनी असं म्हनलं न्हाई," एवढंच बोलली.

भाऊ नदीकडे पळाला, खाली कुणी राहिलंय का बघायला. त्याला शेजारचे काका शेताच्या पाणंदीने वर येताना भेटले, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांची मोटर वाहून गेली. संध्याकाळी ते आमच्याकडे बसून तिच्याबद्दलच बोलत राहिले, कशी आणली, किती पाणी ओढायची. आई ऐकत होती. मधेच उठून तिने त्यांना पुन्हा चहा दिला.