सहा महिने व्हायच्या आत

आमच्या कुवेतमध्ये एक रीत आहे. बाहेरच्या माणसाला सांगितली की तो आधी हसतो. मुलं शिकायला परदेशी गेली की दर सहा महिन्यांच्या आत त्यांना विमानात घालून परत आणायचं. परीक्षा असो, ताप असो, मैत्रिणीचं लग्न असो. सहा महिने बाहेर राहिलं की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेलाच. मग सख्ख्या आईबापाच्या घरी यायलासुद्धा पाहुण्याचा व्हिसा काढावा लागतो. म्हणून मुलं येतात, दोन दिवस झोपतात, आईच्या हातचं जेवतात आणि बॅग उचलून जातात. याला आम्ही ‘शिक्का मारायला येणं’ म्हणतो.

माझी मुलगी इथेच जन्मली, रिग्गईच्या याच फ्लॅटमध्ये वाढली. पुण्याला इंजिनिअरिंग केलं त्या चार वर्षांत एकदाही तिने शिक्का चुकवला नाही. एकदा तर तीस तासांसाठी आली होती, त्यातले अठरा झोपली. पुढे जर्मनीला गेली, हार्ट्सच्या डोंगरातल्या क्लाउस्टाल नावाच्या गावात. तिथे जुन्या चांदीच्या खाणी आहेत आणि खाणींमुळेच निघालेलं जुनं विद्यापीठ. तिथूनही दोनदा येऊन गेली. तिसऱ्या वेळी मात्र फोनवर म्हणाली, “बघते, बाबा.”

हे ‘बघते’ माझ्या डोक्यात जातं. मी शुऐबाला एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये मेन्टेनन्स सांभाळतो. आमच्याकडे शटडाउनची तारीख ठरते म्हणजे ठरते, ‘बघते’ म्हणून कोणी व्हॉल्व्ह उघडा ठेवत नाही. मी रोज फोन करायचो, ती रोज बघायची. कागदपत्रं दिली की विद्यार्थ्यांना या सहा महिन्यांतून सवलत मिळते असं कोणीतरी सांगितलं, म्हणून तिचं सर्टिफिकेट अरबीत करून घेतलं आणि तीन कचेऱ्या हिंडलो. पहिल्या खिडकीने दुसरीकडे धाडलं, दुसरीने तिसरीकडे, आणि तिसरीने ‘बुकरा’ म्हणून उद्याचा वायदा केला. तो उद्या काही उजाडला नाही.

सहा महिने भरायला सहा आठवडे राहिले तेव्हा माझं टाळकं सटकलं. म्हटलं, मीच जातो आणि कान धरून घेऊन येतो.

“अहो, आणायला चाललात की भांडायला?” बायकोने विचारलं.

“आधी भांडीन, मग आणीन.”

तिला स्वतःला यायचं होतं, पण ती शाळेत शिकवते आणि शाळेच्या परीक्षा चालू होत्या. तिने थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेवयांचे लाडू असं सात किलो बांधून दिलं आणि वर बजावलं, “आवाज चढवू नका.” म्हणजे चढवणार हे तिने गृहीतच धरलं होतं.

जायचं तरी सोपं आहे का? जर्मनीच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे, बँकेची पानं, कंपनीचं पत्र. ते मिळालं तर कुवेतमधून बाहेर पडायला कंपनीचा एक्झिट परमिट. सत्तावन्न वर्षांचा माणूस मी, स्वतःच्या पोरीला भेटायला जाताना दोन्ही दारांवर परवानगी मागत उभा. साहेबाने गुरुवार आणि रविवार अशी दोन दिवसांची रजा दिली. मधले शुक्रवार-शनिवार सुट्टीचेच. माझं तिकीट काढलं, आणि तिला न विचारता तिचंही. रविवारी माझ्यासोबत कुवेत, बुधवारी परत.

फ्रँकफर्टपासून तीन गाड्या बदलल्या, त्यातली एक पन्नास मिनिटं उशिरा. शेवटी डोंगर चढणारी बस. गुरुवारी संध्याकाळी उतरलो तेव्हा बोचरा वारा होता आणि पोरगी थांब्यावर उभी होती. वाळली होती. मला मिठी मारून म्हणाली, “बाबा, उद्या पाच वाजेपर्यंत मला लॅब आहे हं.”

“उद्या? उद्या शुक्रवार आहे.”

“हो. म्हणून तर लॅब आहे.”

ती आधी गोंधळली, मग रस्त्यातच खो-खो हसायला लागली. चोवीस वर्षं शुक्रवारची सुट्टी अंगात इतकी मुरली आहे, की सगळं जग त्या दिवशी उशिरापर्यंत झोपतं असं मी धरून चाललो होतो. रजा, हॉटेल, तिकिटं, सगळं शुक्रवारच्या भरवशावर. आणि तिची सुट्टी ज्या रविवारी, त्या रविवारी सकाळी मी परतीच्या बसमध्ये. कपाळ माझं! तीन आठवडे आखणी करून मी स्वतःच्या हाताने माझा निम्मा वेळ घालवला होता.

शुक्रवारभर एकटा हिंडलो. गावाच्या मध्यावर एक अख्खं लाकडाचं चर्च आहे, एवढं मोठं लाकडी बांधकाम मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि त्याच्या समोरच विद्यापीठाची इमारत. पोरं पाठीला बॅगा लावून एकमेकांना खाणकामगारांचं जुनं अभिवादन करत होती, “ग्लुक आउफ.” सुखरूप वर ये, असा काहीसा अर्थ. गाव देखणं आहे, नाही म्हणत नाही. पण माझ्या खिशात तिचं तिकीट होतं, आणि ते तिला कसं सांगायचं या विचारात देखणेपणाकडे लक्ष कोणाचं?

दुपारी पाऊस आला म्हणून खाणीच्या संग्रहालयात शिरलो. तिथे एक म्हातारे गृहस्थ मोडक्या इंग्रजीत माहिती सांगत होते. लोक शिड्यांनी तास तास खाली उतरायचे. खाणीत साचणारं पाणी उपसायला पाणचक्क्या लागायच्या, आणि त्या चालवायला डोंगरभर तळी खोदली होती. इंजिनिअर म्हणून मला ते आवडलं. मी विचारलं, खाणी बंद झाल्यावर कामगारांचं काय झालं?

“काम होतं तिथे गेले,” ते म्हणाले. मग त्यांनी मी कुठला ते विचारलं.

मी कुवेत म्हटलं.

“म्हणजे तुम्ही कुवेती?”

“नाही, भारतीय. चोवीस वर्षं तिथे आहे.”

“चोवीस? मग पासपोर्ट मिळाला असेल.”

“नाही. तसा मिळत नाही.”

“पण घर तर तिथेच ना?”

“भाड्याचं,” मी म्हटलं. आता यांना काय सगळी कुंडली मांडून दाखवू? माझा पारा उगाचच चढला. बिचाऱ्या माणसाने माझं काय घोडं मारलं होतं! छत्री घेऊन बाहेर पडलो.

शनिवारी सकाळी ती मला त्या तळ्यांकडे घेऊन गेली. वाटेत डोंगरच्या डोंगर वाळून गेलेले. स्प्रूसची झाडं सरळ उभी, पण मेलेली, राखाडी. कसला तरी किडा लागला म्हणे. तळ्याच्या बांधावर बसून आम्ही थालीपीठ खाल्लं. पहाटे उठून तिने ते केलं होतं, माझ्यापेक्षा बरं जमलं होतं. मी विचार केला, हीच वेळ, आणि खिशातून तिकिटाचा कागद काढला.

“उद्या माझ्याबरोबर चल. बुधवारी परत ये. शिक्का होऊन जाईल.”

तिने कागद वाचला, घडी घातली. “बाबा, मंगळवारी माझं प्रेझेंटेशन आहे.”

“पुढे ढकल. प्रोफेसरांना सांग, घरची अडचण आहे.”

“काय अडचण सांगू? की मला माझ्याच घराचा पास रिन्यू करायचाय?”

“तेच सांग. खरं तेच आहे.”

“बरं, समजा आले. मग पुढच्या सहा महिन्यांनी? त्याच्या पुढच्या? टिल व्हेन, बाबा?”

“मी तिथे आहे तोवर.”

“आणि तुम्ही कधीपर्यंत आहात?”

हे तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, म्हणूनच मला झोंबलं. बायकोची ताकीद विसरून मी ओरडलो. म्हटलं, कोणासाठी राबतोय मी त्या पन्नास डिग्रीत? तुझी खोली अजून तशीच ठेवली आहे, तुझी पुस्तकंही हलवली नाहीत, आणि तू मला हिशेब विचारतेस? समोरून चालणारं एक जोडपं थबकलं. मुलगी मान खाली घालून बसली. मी बोलत सुटलो, कारण थांबलो असतो तर उत्तर द्यावं लागलं असतं, आणि उत्तर मला ठाऊक होतं. माझं कॉन्ट्रॅक्ट वर्षावर्षाला वाढतं. एका वर्षी वाढणार नाही. त्या दिवसापासून थोडे आठवडे, सामान विकायचं, आणि परत गावी, नाशिकला. मला भीती वाटत होती. नोकरीची तितकी नाही, पोरगी ज्याला घर म्हणते ते आपण तिला कधी दिलंच नव्हतं, याची.

मी दमलो तेव्हा ती म्हणाली, “शाळेत सगळे विचारायचे, वेअर आर यू फ्रॉम? मी रिग्गई सांगायचे. तुम्ही कोणी मला सांगितलं नाहीत की तसं सांगायचं नसतं.”

परतताना चढावर मला धाप लागली, तर ती माझी पिशवी घेऊन पुढे चालली. संध्याकाळी तिच्या खोलीवर मुगाची खिचडी केली. तिकीट मी टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, ठरव तू. मी निघेपर्यंत तो कागद कोणी हलवला नाही.

रविवारी सकाळी ती बसपर्यंत आली. बॅग तिच्याकडे नव्हती, तरी दार बंद होईपर्यंत मी वेडी आशा धरून होतो. बस वळली तशी ती रस्त्याच्या कडेकडेने थोडी धावली, लहानपणी शाळेची बस चुकल्यावर धावायची तशी. मी तोंड फिरवलं. शेजारच्या बाईने टिश्यूचं पाकीट पुढे केलं.

सहा महिने भरले तो दिवस अगदी साधा गेला. मी ड्युटीवर होतो, बायको शाळेत. काही आठवड्यांनी पोरीचा फोन आला, “बाबा, नाताळात मला तीन आठवडे सुट्टी आहे. मी येते. शिक्क्यासाठी नाही, तुमच्याकडे राहायला.” बायकोला रडू फुटलं. माझ्या मनात मात्र आधी राग आला, की हीच तेव्हा आली असती तर! मग कागद गोळा केले आणि फरवानियातल्या टायपिंगवाल्याकडे गेलो. पाहुण्याच्या व्हिसाचे अर्ज तिथेच भरून मिळतात. टायपिंगवाला केरळचा, भला माणूस, पण मागे दहाजणांची रांग आणि त्याला घाई.

“रिश्ता?”

“बेटी.”

“आने का कारण?”

“माँ-बाप से मिलना.”

“पहली बार आ रही है?”

“नाही. नहीं. पहले भी थी.”

“पिछली बार किधर ठहरी थी?”

मी आमचाच पत्ता सांगितला. त्याने तो टाइप केला, मान वर न करता.

“कितने दिन ठहरी थी?”

“अठारह साल,” मी म्हटलं.

“साब, साल नहीं लेता इसमें. दिन में बोलो.”

मागची रांग चुळबुळत होती. आणि मी, देवाशप्पथ सांगतो, मोबाइल काढून अठराला तीनशे पासष्टने गुणायला लागलो.