नंबर कोणाला द्यायचा नाय

मन्सूर कुवेतहून कायमचा परतला तेव्हा रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या लोकांना वाटलं, आता हा माडीवर माडी चढवणार. त्याने घराला साधा रंगही दिला नाही. आणलेल्या खोक्यांतून निघाले ते जुने कॉम्प्युटर, वायरींची भेंडोळी आणि सोल्डरिंगचं सामान. तिकडे तो टेलिफोनच्या लायनींवर काम करायचा, आणि तार जिथून जाते तिथे कान लावून बसता येतं, हे त्याने स्वतःच्या हाताने करून पाहिलेलं होतं. म्हणून त्याच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर कायम चिकटपट्टी. मोबाइलमधलं कंपनीचं सगळं काढून त्याने स्वतःच्या पसंतीचं सॉफ्टवेअर घातलेलं. व्हॉट्सॲप नाहीच.

ओटीवर कोणी फोन घेऊन आला की मन्सूर आधी त्याच्या परवानग्या उघडायचा.

"हा टॉर्च लावायचा ॲप ना? मग ह्याला तुझ्या सगळ्या नातेवाइकांचे नंबर कशाला हवेत?"

"फुकट हाय चाचा, म्हणून घेतला."

"बाजारात कोण फुकट कोळंबी वाटायला लागला तर खाशील? आधी वास घेशील ना?"

लोक हसायचे आणि जाताना परवानग्या बंद करून घ्यायचे. बायको ताजुन्निसा आतून म्हणायची, "बास करा, त्या पोराची चाय गार झाली." तिलाही त्याने एक नियम घोटून घोटून शिकवला होता. ओटीपी असो, नाव असो, नंबर असो, अनोळखी माणसाला काही द्यायचं नाय.

पुढे ताजुन्निसा विसरायला लागली. आधी मीठ दोनदा पडायचं, मग शेजारणींची नावं गेली, मग एक दिवस ती मन्सूरलाच विचारू लागली, "अरीबाचे अब्बा कधी येतील?" अरीबा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन शारजात. तिने फोनवरून हट्ट धरला: अम्मीच्या गळ्यात लोकेशनचं यंत्र घाला. मन्सूर उसळला. "माणूस हाय ती. कुठे उठते, कुठे बसते, हे चीनमधल्या कुठल्या मशीनला का कळावं?"

एका शुक्रवारी तो मशिदीतून परतला तर दार सताड उघडं आणि घर रिकामं. त्याने नदीवरचा पूल ओलांडला, बाजारपेठ पालथी घातली, पार वरसे गावापर्यंत जाऊन आला. दुपार कलली तेव्हा जनू रिक्षावाला शोधत आला आणि त्याने मोबाइल समोर धरला.

"चाचा, ही चाची ना आपली?"

फोटोत ताजुन्निसा एका गणपतीच्या कारखान्यात, पांढऱ्या न रंगवलेल्या मूर्तींमध्ये, स्टुलावर बसली होती. डोक्यावरची ओढणी घसरलेली. खाली कोणीतरी लिहिलं होतं, या आजी कोणाच्या आहेत, पुढे पाठवा. ती एसटीने पेणला, माहेरच्या गल्लीत पोचली होती. माहेरचं घर कधीच विकलं गेलं होतं. फोटो पेणच्या ग्रुपमधून रोह्याच्या ग्रुपवर आला, तिथून रिक्षा स्टँडवर. मन्सूर सोडून सगळ्यांनी पाहिला होता.

जनूने रिक्षा काढली. कारखान्यात रंगकाम करणारी शांती त्यांची वाटच पाहत होती. तिने ताजुन्निसाला पेज पाजली होती.

"काका, मी किती विचारलं, घरचा नंबर सांगा. तर म्हणतात कशा, ते रागावतील, नंबर कोणाला द्यायचा नाय. नाव पण सांगेनात. मग काढला फोटो, काय करणार?"

मन्सूरने शांतीपुढे हात जोडले. सगळं विसरलेल्या बायकोने त्याचा तेवढा नियम जपून ठेवला होता.

घरी आल्यावर तो कामाला लागला. कंपनीचं यंत्र नकोच, आपणच बनवू. माहिती आपल्याच घरातल्या कॉम्प्युटरवर राहील. सुटे भाग मागवले, सिमकार्ड घातलं, प्रोग्रॅम लिहिला, आणि ताजुन्निसाच्या कुडत्याला आतून खिसा शिवला. दुसऱ्याच दिवशी बाजारात असताना त्याने मोबाइलवर पाहिलं तर तिचा ठिपका कुंडलिका नदीच्या मधोमध. हातातली पिशवी टाकून तो धावला, काठावरून हाका मारल्या, मग घराकडे पळाला. ती स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलेली. "काय झालं वो? कुत्रा लागला काय मागं?"

त्याच संध्याकाळी त्याने कंपनीचं यंत्र मागवलं. आल्यावर अटींचं ते लांबलचक पान शेवटपर्यंत वाचलं. आवाज ऐकू शकतो, जागा साठवतो, भागीदारांना देतो. सगळं कळलं, आणि त्याने 'मी सहमत आहे' दाबलं.

ताजुन्निसाने गळ्यातला डबा चाचपला. "ह्या काय बांधलास? मी काय बकरी हाय, घंटा बांधायला?" एरवी ती त्याला अहोजाहो करायची.

आता ठिपका बरोबर दिसायचा, पण मन्सूरची नजर त्यावरून हलेना. ती समोर बसलेली असली तरी तो मोबाइलमध्येच पाहायचा. ओटीवर येणारे कमी झाले. परवानग्यांबद्दल बोलायला त्याची जीभ उचलत नव्हती. अरीबाने त्या यंत्राचा ॲप शारजात आपल्याही मोबाइलवर घेतला, आणि मग म्हणाली, "अब्बा, तुम्हाला रस्त्यात काही झालं तर? तुमचंही लोकेशन चालू करा." त्याने तेही केलं.

एके सकाळी ताजुन्निसा चपला घालून उभी राहिली. "पेणला जायचाय. आय वाट बगते."

मन्सूरने तिला अडवलं नाही. दोघं स्टँडवर गेली, एसटीत बसली. ती खिडकीतून बाहेर बघत होती, बऱ्याच दिवसांनी खुशीत. अर्ध्या वाटेवरचं नागोठणं जवळ आलं आणि फोन वाजला.

"अब्बा, कुठे निघालात तुम्ही?"

"पेणला. अम्मीला जरा फिरवून आणतो."

"ह्या उन्हात? परत ती हात सोडून गेली तर? अब्बा, मी इथे ऑफिसात काम बाजूला ठेवून ते दोन ठिपके बघत बसते. तुम्ही हललात की मीटिंग सोडून बाहेर येते." ती रडायला लागली. "मला नाही होत आता. घरी जा ना."

मन्सूरला तिला सांगायचं होतं, बंद कर, बघू नकोस. पण तो स्वतः कुठे बंद करू शकत होता? "बरं," तो म्हणाला, "रडू नको. जातो."

नागोठण्याच्या स्टँडवर त्याने ताजुन्निसाला हाताला धरून उतरवलं. परतीची गाडी लागायची होती. तिने ओढणी सारखी केली, फलाट, टपऱ्या, बोर्ड सगळं नीट पाहिलं.

"पेण आला?"

"व्हय," मन्सूर म्हणाला.

"किती बदललाय गो बाय," ती म्हणाली, आणि रोह्याची गाडी येईपर्यंत आपल्या घराची गल्ली शोधत राहिली.