मनकर्णाबाईचा निळा ड्रम

मनकर्णाबाईकडं तो निळा ड्रम मी मागून मागून थकले. दर वेळेला एकच उत्तर, "आशाबाई, सम्यकचा हाय तो. आल्या आल्या आंघोळ करंल लेकरू." अहो, लेकरू इटलीत! पण नळाला पाणी आलं की बाई आधी त्याचा ड्रम भरणार, मग घरचे हंडे. जुनं पाणी धुण्याला काढणार, पुन्हा ताजं भरणार. मी शेजारीण, दोन कळश्यांवर दिवस ढकलायची. माझा जीव जळायचा, खोटं कशाला बोलू?

एकोणीसचा उन्हाळा होता तो. धरण उशाला अन् कोरड घशाला, ही म्हण आमच्या गारखेड्यासाठीच केलीय. जायकवाडीचं पाणी नळाला यायचं ते त्याच्या मनात आलं तर. बिल्डिंगी मातर भराभर वाढत होत्या. गल्लीसमोरच्या बोर्डावर एक गोरी बाई पोहायच्या तलावात बसून हसत होती, अन् आम्ही टँकरची वाट बघत तिच्याच सावलीत हंडे घेऊन उभ्या. पाणी नाय तर नाय, सावली तरी दिली बिल्डरनं!

मनकर्णाबाई दवाखान्यात आयाबाई. नवरा लवकर गेला, पोराला एकटीनं शिकवलं. पोरगं हुशार निघालं, शिष्यवृत्ती मिळवून पाण्याचं इंजिनियरिंग शिकायला पेरुजा नावाच्या गावाला गेलं. गल्लीनं त्याचं पेरूगाव करून टाकलं. इथं पाणी नाय म्हणून पाणी शिकायला तिकडं! "सम्यक आला की आपल्या नळाला रोज पाणी," बाई सगळ्यांना सांगायची. त्या पावसाळ्यात त्याचं शिक्षण संपणार होतं, अन् मग तो परत येणार होता. निदान ठरलं तरी तसंच होतं.

अशात एका रविवारी कळलं, सम्यक रोम बघायला चाललाय. एका दिवसासाठी. सगळ्यात हळू गाडी, डब्यात स्वतः लाटलेल्या पोळ्या अन् ठेचा, अन् तिकीट लागतं तिथं आत जायचंच नाय, सगळं बाहेरून बघायचं. तिथून माय-मावश्यांना मोबाइलवर रोम दाखवणार होता. सगळी गल्ली हरखली. मनकर्णाबाईनं तेवढं मला बाजूला ओढलं.

"आशाबाई, हे पोरगं बाहेर चहासुद्धा पीत नाय," ती मला हळूच म्हणाली. "सहलीला गेलंय म्हंजी मला काहीतरी सांगायचंय त्याला. खोलीत बसून सांगायची हिंमत व्हईना."

"उगं काहीतरी बोलू नका," मी म्हटलं. 

दुपारी फोन आला. मनकर्णाबाईच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सम्यकनं आधी ते मोठं गोल दगडी रिंगण दाखवलं.

"पडलंय की अर्धं!" गल्लीतली चंपाबाई म्हणाली. "कुणी दुरुस्त नाय करत?"

मग एक कमान दाखवली. आमचा बन्सी रिक्षावाला म्हणाला, "अरे, हा तर आपला भडकल गेट! बावन्न दरवाजांच्या गावातला गडी दरवाजा बघायला रोमला गेला!"

सगळे खो खो हसले. सम्यकही हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. मग म्हणाला, "माय, तुला एक सांगायचं होतं..."

तेवढ्यात बाहेरून आरोळी आली, "पाणी आलंऽऽ!"

झालं! कुठलं रोम अन् कुठलं काय. खोली रिकामी. मी पण पळाले, मनकर्णाबाई पण. मोबाइल खाटेवर उताणा पडला, त्याच्या नशिबी वरचा पंखा. पोरानं तरी फोन ठेवावा? तर नाय! आतून त्याची ओरड चालूच, "माय, मोटर लाव! पाइप वाकलाय का बघ! आधी मोठे हंडे भर, माझा ड्रम ऱ्हाऊ दे!" रोमच्या भर चौकात उभं राहून पोरगं गारखेड्याचं पाणी भरत होतं. मायनं ऐकलं नाय. आधी निळाच भरला.

पाणी गेलं तशी मनकर्णाबाई ओल्या पदरानं खाटेवर येऊन बसली. मी तिच्या शेजारी. तो अजून फोनवर होताच.

"भरलं का?"

"भरलं. बोल आता."

 त्यानं मोबाइल रस्त्याच्या कडंला वळवला. तिथं एक लोखंडी खांब, अन् त्याच्या नळीतून पाण्याची धार लागलेली. ना हंडा, ना माणूस.

मनकर्णाबाई कडाडली, "अरे, तोटी बंद कर आधी! कुणी उघडी टाकली?"

"माय, त्याला तोटीच नाय. रात्रंदिवस असंच वाहतंय. मी बी सकाळी खांबाभवती फिरून तोटी शोधत होतो. लोक हसायला लागले."

मनकर्णाबाई त्या धारेकडं बघतच राहिली. मग पदरानं तोंड पुसून तिनंच विचारलं, "नोकरी लागली ना रं तिथं?"

"व्हय, माय. पण तू म्हणशील तर मी..."

"ऱ्हा तिथंच. तोटी नसलेलं गाव सोडून कुणी इकडं येतंय का? येडा कुठला!" ती चक्क हसली. "अन् रोज डोक्यावरून आंघोळ कर. भरपूर."

पोरगं रडायला लागलं. तिनं घाईघाईनं फोन ठेवला, म्हणाली, त्याचं बिल उठंल.

पुढच्या खेपेला पाणी आलं तेव्हा ड्रम गडगडत माझ्या दारात आला. आतून-बाहेरून घासून लख्ख केलेला. मागं मनकर्णाबाई. "घ्या, आशाबाई. लई दिवस मागत होता."

एवढा हवा होता मला तो ड्रम, पण हात पुढं होईना. "ऱ्हाऊ द्या बाई," मी म्हटलं, "येईल की पोरगं."

"घ्या हो," ती म्हणाली. "पाणी जाईल."

तेव्हापासून नळ आला की मी आधी तो निळा ड्रम भरते अन् सम्यकच्या नावानं झाकून ठेवते. माझ्या दोन कळश्या काही वाढल्या नायत.